पिकल्या पानांचा बाजार : जपानमधील आठ दिवस

पहिला दिवस, गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४ : तोक्यो

हानेदा विमानतळावर पैसे बदलून घेताना दहा हजार येनांची कोरी करकरीत नोट हाती आली. याच वर्षी ३ जुलैला चलनात आलेल्या या नोटेवरचा आकडा जुन्या नोटेपेक्षा बराच मोठा छापलेला आहे आणि कडेला बोटांना लागतील अशा उंचवट्याच्या रेषा आहेत. कमी दिसणाऱ्याला दहा हजारांची नोट कोणती आणि हजाराची कोणती हे चाचपून कळावे, एवढाच हेतू. नोटेवर एइइची शिबुसावा यांचे चित्र आहे. ते जपानी भांडवलशाहीचे जनक म्हणून ओळखले जातात. त्यांची दुसरी ओळख मला परवा होणार होती.

या देशात दर १०० माणसांमागे २९ जणांनी पासष्टी ओलांडली आहे. पासष्टीवरील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला एका शतकाहून अधिक काळ लागला. जपानने ती मजल १९७० ते १९९४ या २४ वर्षांत गाठली. वृद्धांच्या गरजांतून नवे उद्योग उभे राहतात, असे सांगणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, पण त्या उद्योगांत पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, आणि त्या व्यवहारात म्हातारे माणूस नेमके कोणत्या बाजूला उभे असते, हे त्या भाषणांत कधी नीटसे कळले नाही. ते पाहण्यासाठी हा प्रवास ठरवला.

दुपारी सुगामोला गेलो. यामानोते या तोक्योतल्या वर्तुळाकार रेल्वेमार्गावरचे हे स्थानक आणि त्याजवळची जिझो-दोरी ही बाजारपेठ ‘आज्यांचे हाराजुकू’ म्हणून प्रसिद्ध आहे. हाराजुकू ही तरुण मुलींच्या फॅशनची पेठ, तिची ही वडीलधारी आवृत्ती. ज्या तारखेत ४ आकडा येतो त्या दिवशी, म्हणजे ४, १४ आणि २४ ला, इथल्या कोगान-जी देवळाची जत्रा असते, म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला होता. देवळाच्या आवारात कान्नोन या करुणेच्या देवतेची मूर्ती आहे. आपले जे अंग दुखते ते मूर्तीचे अंग पुसायचे, अशी श्रद्धा. पूर्वी लोक ब्रशने घासत असत. घासून घासून जुन्या मूर्तीचा चेहराच झिजला, तेव्हा १९९२ मध्ये नवी मूर्ती बसवली आणि ब्रशऐवजी फडके आले. रांगेतल्या बहुतेकजणी गुडघा पुसत होत्या. एकीने गुडघा पुसला, कंबर पुसली, क्षणभर विचार केला आणि मग दोन्ही डोळेही पुसून घेतले.

बाजारात फिरताना मी दुकानांची रचना पाहत होतो. उंबरठे जवळपास नाहीत, किमती हातभर अंतरावरून वाचता येतील अशा ठळक अक्षरांत आहेत, बसायला खुर्च्या आहेत, आणि विक्रेते घाई करत नाहीत. लाल अंतर्वस्त्रांचे एक दुकान तर या पेठेची खूण झाले आहे. बेंबीखाली लाल कापडाची ऊब असली की प्रकृती चांगली राहते, असा समज. इथे कुठेही ‘वृद्धांसाठी’ अशी पाटी मला दिसली नाही. ज्येष्ठांना नेमका माल विकण्याची पहिली अट बहुधा हीच असावी, की त्यांना ते ज्येष्ठ असल्याची आठवण करून द्यायची नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार, २५ ऑक्टोबर : तोक्योची पश्चिम कड

सकाळी साडेसहाला निवासाजवळच्या बागेत रेडिओ लागला आणि पंधरावीस ज्येष्ठ हात वर करून उभे राहिले. १९२८ पासून चालत आलेला हा रेडिओवरचा व्यायाम दहा मिनिटांत संपतो; त्यानंतरच्या गप्पा मात्र अर्धा तास चालल्या.

मग एका शुश्रूषागृहात गेलो. भेट देऊ दिली म्हणून आणि तिथे मोकळेपणाने बोलले गेले म्हणूनही, संस्थेचे नाव लिहीत नाही. इथला सगळा व्यवहार ज्यावर चालतो तो दीर्घकालीन शुश्रूषा विमा, म्हणजे जपानी भाषेत ‘काइगो होकेन’, याचा कायदा १९९७ मध्ये झाला आणि अंमल एप्रिल २००० पासून सुरू झाला. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. खर्चाचा निम्मा भाग हप्त्यांतून, निम्मा करांतून. मदत हवी असेल तर घरी पाहणी करणारा माणूस येतो, ७४ बाबी तपासतो, त्यावरून आधी संगणक आणि नंतर समिती सात पायऱ्यांपैकी एक पायरी ठरवते, आणि त्या पायरीनुसार सेवा मिळतात. बहुतेकांना त्यांच्या किमतीचा दहावा हिस्सा स्वतः द्यावा लागतो. म्हातारपणीची काळजी ही सुनेच्या अंगावर पडणारी गोष्ट होती, ती या कायद्याने दरपत्रक असलेली सेवा केली. दरपत्रक आले की धंदा येतो. ३.६ लाख कोटी येनांवर सुरू झालेला हा खर्च आता वर्षाला ११ लाख कोटींच्या वर गेला आहे, आणि पासष्टीवरील व्यक्तीचा सरासरी मासिक हप्ता २,९११ येनांवरून ६,२२५ येनांवर.

मला यंत्रे पाहायची होती. व्यवस्थापकांनी हसून एक कपाट उघडले. आत कमरेला बांधायचे एक उपकरण होते, वाकून माणूस उचलताना परिचारकाच्या पाठीवरचा ताण कमी करणारे. ते अनुदानातून घेतलेले आणि उत्तम अवस्थेत होते, कारण ते वापरलेच जात नाही. माणूस पलंगावरून खुर्चीत बसवायला दोघींना अर्धे मिनिट लागते. हे कपाटातून काढून, पट्टे आवळून, पुन्हा सोडून ठेवण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि सकाळच्या वेळी तो कोणाकडेच नसतो. ‘यंत्र चांगले आहे, फक्त ते बनवणाऱ्याने आमची सकाळ पाहिलेली नाही,’ असे ते म्हणाले.

दुसरे यंत्र मात्र रोज रात्री चालते आणि ते दिसतही नाही. गादीखाली ठेवलेली एक पातळ पट्टी झोपलेल्या माणसाचा श्वास, नाडी आणि हालचाल टिपते आणि परिचारकांच्या खोलीतल्या पडद्यावर कोण गाढ झोपले आहे, कोण जागे आहे, कोण उठून बसले आहे हे दाखवते. पूर्वी ठरावीक वेळाने फेरी मारून सगळ्यांचे पांघरूण उचलून पाहावे लागे आणि त्यात झोपलेला माणूस जागा होई. आता जो जागा झाला आहे त्याच्याचकडे जायचे. ही पट्टी एवढी का पसरली, याचे कारण निव्वळ तंत्रज्ञानात नाही. २०२१ च्या दरफेररचनेत असे संवेदक बसवणाऱ्या संस्थांना रात्रपाळीच्या मनुष्यबळाच्या अटींत सवलत मिळाली. दर तीन वर्षांनी सरकार हे दर नव्याने ठरवते आणि शोध लावणारे त्या तक्त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. त्याच तक्त्यात एक उलटा हिशेबही आहे: मेहनत घेऊन एखाद्या आजोबांना पुन्हा चालते केले तर त्यांची पायरी खाली येते आणि संस्थेला मिळणारी रक्कम घटते. हे सांगताना व्यवस्थापकांचे हसू मावळले होते.

दिवाणखान्यात एका आजींच्या मांडीवर ‘पारो’ होता. सीलच्या पांढऱ्या पिलासारखा हा यंत्रजीव ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून घडवत आणला आणि २००५ मध्ये तो विक्रीला आला. मांजर किंवा कुत्रा न घेता सील घेतला यात मोठी हुशारी आहे, कारण खरे मांजर कसे वागते हे सगळ्यांना ठाऊक असते आणि नकली मांजराची चूक लगेच पकडली जाते. सीलचे पिलू मांडीवर घेतल्याचा अनुभव कोणालाच नसतो. आजी त्याला काहीतरी दटावत होत्या. थोड्या वेळाने ते मलूल झाले, तेव्हा परिचारिकेने त्याच्या तोंडात चोखणी दिली. चोखणी म्हणजे चार्जरची तार. आजींनी मान डोलावली. बाळ भुकेले होते हे त्यांनी आधीच सांगितले होते.

ती परिचारिका इंडोनेशियाहून आलेली आहे. तिच्या देशाशी २००८ मध्ये झालेल्या कराराने हा रस्ता उघडला. नंतर फिलिपीन्स, व्हिएतनाम आणि इतरांसाठीही मार्ग निघाले. २०४० पर्यंत शुश्रूषेच्या क्षेत्रात २७ लाख २० हजार माणसे लागतील आणि आजच्या मनुष्यबळाच्या तुलनेत ५ लाख ७० हजार कमी पडतील, असा आरोग्य मंत्रालयाचा या जुलैतला अंदाज आहे. तिने चार वर्षे काम करून जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा दिली. सर्वांत अवघड काय वाटले, या प्रश्नावर ती म्हणाली, ‘प्रेतासारखी कठीण चित्रलिपी,’ आणि लगेच तोंडावर हात ठेवून आजींकडे पाहिले.

तिसरा दिवस, शनिवार, २६ ऑक्टोबर : इताबाशी

उद्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक, म्हणून आज प्रचाराच्या गाड्या दिवसभर ओरडत होत्या. ओयामा स्थानकाबाहेर एका उमेदवाराने हात जोडून ज्यांना नमस्कार केला, ते सगळे माझ्याहून मोठे होते. ज्येष्ठांच्या मतांवर झुकलेल्या राजकारणाला इथे ‘चंदेरी लोकशाही’ म्हणतात.

इथे तोक्यो महानगराचे वृद्धांचे रुग्णालय आणि १९७२ मध्ये सुरू झालेली वार्धक्यशास्त्राची संशोधनसंस्था आहे, आणि आवारात नोटेवरचे तेच शिबुसावा पुतळारूपाने बसलेले आहेत. शेकडो कंपन्यांच्या स्थापनेत ज्यांचा हात होता त्यांनी १८७२ मध्ये निघालेल्या ‘योइकुइन’ या निराधारांच्या आश्रमाचे काम पन्नासहून अधिक वर्षे, म्हणजे १९३१ मध्ये मरेपर्यंत, सोडले नाही. आजची संस्था त्याच आश्रमाची वारस आहे. खिशातली नोट काढून मी दोन्ही चेहरे ताडून पाहिले. नोटेवरचे अधिक तरुण आहेत.

दुपारी स्थानकाजवळच्या सायकलतळावर तासभर घालवला. तिथे फिकट रंगाचे जाकीट घातलेले एक गृहस्थ सायकली एका रेषेत लावत होते. वय विचारल्यावर त्यांनी ७६ सांगितले. ते ‘सिल्व्हर जिन्झाइ सेंतर’चे, म्हणजे ज्येष्ठांच्या कामवाटप केंद्राचे, सभासद आहेत. १९७५ मध्ये तोक्योच्या एदोगावा भागात याची सुरुवात झाली, १९८६ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली, आणि आज साठीपुढचे सुमारे ७ लाख लोक देशभर असे काम घेतात: बागेतली झाडे कापणे, कागदी दारांचे कागद बदलणे, पत्रके वाटणे, शाळेच्या फाटकाशी उभे राहणे. काम हलके आणि थोड्या तासांचेच असावे, असा नियम. मोबदल्याला पगार म्हणत नाहीत, ‘वाटपाची रक्कम’ म्हणतात, आणि हा शब्दांचा खेळ नाही: कामगार नसल्यामुळे कामगारांचे संरक्षणही नाही, अपघात झाल्यास सभासदांसाठी उतरवलेला वेगळा गटविमा. हे गृहस्थ एका छापखान्यात ३८ वर्षे होते. पैशांसाठी काम करता की वेळ जावा म्हणून, असे मी विचारले. पूर्ण हप्ते भरलेल्या माणसाचे मूळ निवृत्तिवेतन यंदा महिन्याला ६८,००० येन आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि एक तिरकी सायकल सरळ केली.

२०२३ मध्ये जपानात पासष्टी ओलांडलेले ९१ लाख ४० हजार लोक कामावर होते. ६५ ते ६९ या वयोगटात तर निम्म्याहून अधिक. एप्रिल २०२१ पासून सत्तरीपर्यंत कामाची संधी देण्याचा प्रयत्न करणे हे कंपन्यांचे कर्तव्य ठरवले आहे. या आकड्यांकडे उद्यमशीलता म्हणून पाहावे की निरुपाय म्हणून, याचा निर्णय मी सायकलतळावर करू शकलो नाही. बहुधा एकाच माणसात दोन्ही असतात.

चौथा दिवस, रविवार, २७ ऑक्टोबर : तोयामा

शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने दोन तासांत तोयामा. पर्वत ढगांत होते.

हे सुमारे ४ लाख वस्तीचे शहर ट्रामसाठी ओळखले जाते. वस्ती मोटारींमागे पसरत गेली आणि मोटार चालवू न शकणारे म्हातारे घरात अडकले, तेव्हा महापौर मासाशी मोरी यांनी ‘काडी आणि गोळे’ अशी कल्पना मांडली. दांगो या पदार्थात तांदळाचे गोळे काडीला ओवलेले असतात. काडी म्हणजे ट्राम आणि रेल्वे, गोळे म्हणजे स्थानकांभोवतीच्या चालत फिरता येईल अशा वस्त्या. तोट्यातला एक जुना रेल्वेमार्ग घेऊन २००६ मध्ये त्यावर नवी ट्राम सुरू केली आणि मार्च २०२० मध्ये स्थानकाखालून उत्तर-दक्षिण मार्ग जोडले. पासष्टीवरच्या रहिवाशाला दिवसा १०० येनांत शहराच्या मध्यभागी येता येते. सवलतीची वेळ गर्दी नसतानाची आहे, त्यामुळे ट्राम तशीही रिकामी धावणार होती; माणूस मध्यभागी आला की चालतो, चहा पितो, काहीबाही विकत घेतो. डब्याचा पृष्ठभाग फलाटाच्या पातळीत आहे. मागच्या आजी हातातली चाकांची पिशवी न उचलता आत आल्या, आणि बाकीच्या कोणीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

पाचवा दिवस, सोमवार, २८ ऑक्टोबर : तोयामा

या शहराने देशाला दिलेली दुसरी गोष्ट एका घरातून निघाली. १९९३ मध्ये रुग्णालयातली नोकरी सोडलेल्या तीन परिचारिकांनी ‘कोनो युबी तोमारे’ नावाचे दिवसभराचे केंद्र काढले. ‘या बोटाला धरा’ असा त्याचा अर्थ. खेळायला गडी जमवताना मुले बोट वर करून हीच हाक देतात. वृद्ध, तान्ही मुले आणि अपंग यांना त्यांनी एकाच छपराखाली घेतले. अनुदानाच्या दारात मात्र तीन वेगवेगळ्या खिडक्या होत्या, आणि जो सगळ्यांना घेतो तो कोणत्याच खिडकीचा राहत नाही. सुरुवातीची वर्षे त्यांनी अनुदानाविना काढली. २००३ मध्ये या पद्धतीसाठी विशेष क्षेत्राची सवलत मिळाली आणि २०१८ मध्ये ‘सहजीवन सेवा’ म्हणून ती राष्ट्रीय विमा व्यवस्थेत आली. पंचवीस वर्षे लागली. नव्या कल्पनेला पैसा कमी पडतो असे आपण म्हणतो. इथे कमी पडला होता तो फॉर्मवरचा एक रकाना.

त्या पद्धतीच्या एका केंद्रात दुपारपर्यंत बसलो. घर साधे आहे, दारात चपलांचा ढीग, स्वयंपाकघरातून डाइकोन मुळा शिजल्याचा वास. स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी दर थोड्या वेळाने ‘मी आता घरी निघते’ म्हणून उठत. शुश्रूषागृहात अशा वेळी परिचारक समजूत घालतात, दार बंद असते, आवाज चढतात. इथे चार वर्षांच्या एका मुलीने त्यांची बाही धरली, कारण पत्त्यांत आता त्यांचीच पाळी होती. आजी बसल्या, पान टाकले, आणि मुलीने चूक केल्यावर तिला बजावले. हे तिथे तीनदा झाले. बौद्धिक अपंगत्व असलेला एक तरुण ताटे मांडत होता आणि तो तिथला पगारी कर्मचारी आहे, हे मला शेवटी कळले.

केंद्राच्या संचालिकेला मी विचारले की मुलांचे आईबाप बिचकत नाहीत का. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या आठवड्यात बिचकतात. नंतर मूल घरी जाऊन जेवणाआधी हात जोडायला लागते, मग गप्प बसतात.’

सहावा दिवस, मंगळवार, २९ ऑक्टोबर : प्रवास

दिवस गाड्यांत गेला. तोयामाहून त्सुरुगापर्यंत शिंकान्सेन, तिथून ओसाका, आणि पुढे बसने आकाशी सामुद्रधुनीवरच्या ३,९११ मीटर लांबीच्या पुलावरून आवाजी बेट ओलांडून शिकोकू या बेटावर. तोकुशिमाला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. बसमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या वर्तमानपत्रात वयाची शंभरी ओलांडलेल्यांविषयी लेख होता. या सप्टेंबरात त्यांची संख्या ९५,११९ झाली आहे, आणि १९६३ मध्ये ती १५३ होती. शंभरी गाठणाऱ्याला सरकार पूर्वी चांदीचा प्याला देत असे. संख्या वाढली तशी २०१६ पासून प्याला चांदीचा मुलामा दिलेला मिळतो.

सातवा दिवस, बुधवार, ३० ऑक्टोबर : कामिकात्सु

या सगळ्या प्रवासाचे निमित्त हेच गाव होते. तोकुशिमा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, नदीच्या काठाने डोंगरात शिरणाऱ्या रस्त्यावर दीड हजाराहून कमी वस्ती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पासष्टीपुढचे. १९८१ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने इथल्या संत्र्यांच्या बागा मारल्या. लाकूड आधीच पडेल भावात होते. शेतकी सहकारी संस्थेतले तरुण सल्लागार तोमोजी योकोइशी एकदा ओसाकातल्या सुशीच्या दुकानात बसले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी ताटातले मेपलचे लाल पान उचलून ‘किती सुंदर’ म्हणत रुमालात ठेवताना त्यांना दिसली. असली पाने गावात डोंगरभर पडलेली होती.

गावाने आधी हसण्यावारी नेले. पाने विकून पैसे मिळायला आपण काय कोल्हे-बिज्जू आहोत, असे लोक म्हणाले. जपानी गोष्टींत हे प्राणी पानांचे पैसे करून माणसांना फसवतात. १९८६ मध्ये मोजक्याच घरांनी सुरुवात केली आणि पहिला माल खपला नाही, कारण पान सुंदर असणे पुरेसे नव्हते. कोणत्या ऋतूत, कोणत्या ताटावर, केवढे पान लागते हे कळण्यासाठी योकोइशी स्वतःच्या पैशांनी महागड्या भोजनगृहांत जाऊन बसू लागले. पान ताटापेक्षा मोठे नको. डावे-उजवे जोडीने हवे. आणि ऋतूच्या थोडे आधी हवे, म्हणजे बाहेर मेपल लाल होण्यापूर्वी ताटात लाल झालेला असला पाहिजे. हे ज्ञान हाती आल्यावर धंदा उभा राहिला. आज ३०० हून अधिक प्रकारची पाने, फुले आणि डहाळ्या इथून जातात, आणि भरभराटीच्या वर्षांत उलाढाल २६ कोटी येनांपर्यंत पोहोचली होती.

ज्या आजींच्या घरी मी गेलो त्या ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या पडवीत लांब टेबल, त्यावर ओले फडके, पुठ्ठ्याचे एक माप आणि टॅब्लेट. आधी फॅक्स होता, मग १९९० च्या दशकाअखेर मोठ्या कळांचा खास संगणक आला, आता हे. बाजारातून आलेली मागणी पडद्यावर उमटते आणि जो आधी बोट टेकवतो त्याला ती मिळते. मागणी येण्याच्या वेळेला त्यांनी आम्हाला हाताने गप्प केले. चष्मा वर ढकलला, बोट पडद्याच्या वर धरले. मग टेकवले, आणि जिभेने ‘च्च’ केले. डोंगरापलीकडची त्यांची मैत्रीण जिंकली होती. दुसऱ्या खेपेला काकी फळाच्या पानांची मागणी त्यांना मिळाली आणि चेहरा एकदम उजळला. गावात आपण विक्रीत कितवे आहोत हे प्रत्येकीला आपल्यापुरते पडद्यावर दिसते. आजींनी आपला क्रमांक मला सांगितला नाही, मैत्रिणीचा अंदाज मात्र सांगितला.

मग आम्ही मागच्या उतारावर गेलो. झाडे मुद्दाम ठेंगणी राखलेली, फांद्या हाताच्या उंचीवर. आजींनी एक पान तोडून उन्हात धरले: अर्धे नारिंगी, अर्धे तांबडे, शिरांपाशी किंचित हिरवे. मला ते निर्दोष वाटले. त्यांनी देठाजवळचा मोहरीएवढा काळा ठिपका दाखवला आणि ते टाकून दिले. परत पडवीत येऊन त्यांनी एकेक पान फडक्याने पुसले, मापावर ठेवले, आणि दहा पाने एका थाळीत अशी रचली की प्रत्येकाचे टोक एकाच दिशेला आले. एका थाळीचे वजन खिशातल्या नोटांइतकेही नसेल. हे काम ऐंशी वर्षांच्या हातांना जमते, आणि कोणते पान कधी रंगते हे त्याच हातांना ठाऊक असते. इथे वय सांभाळून घेण्याची गोष्ट राहत नाही, त्याला भाव येतो. तोक्योच्या शुश्रूषागृहात जी यंत्रे पाहिली त्यांनी हातांची उणीव मोजली होती. हा टॅब्लेट हातांत काय उरले आहे ते मोजतो.

सारे गुलाबी नाही. साथीच्या काळात भोजनगृहे बंद झाली तेव्हा पानेही थांबली. पाने खुडणाऱ्या पिढीचेच वय वाढत चालले आहे, आणि शिकायला येणारे तरुण सगळेच राहत नाहीत. गावाने २००३ मध्ये कचरामुक्तीचा संकल्प केला, रहिवासी कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात, आणि ते पाहायला जगभरचे लोक येतात. त्यातून काही तरुण टिकले आहेत. आजींचा मुलगा ओसाकात असतो. पुढे बाग कोण पाहील, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की या वसंतात त्यांनी मेपलची नवी रोपे लावली आहेत.

आठवा दिवस, गुरुवार, ३१ ऑक्टोबर : तोकुशिमाच्या डोंगरवाड्या

शेवटचा दिवस ‘तोकुशिमारु’च्या एका छोट्या ट्रकमध्ये काढला. गावातले दुकान बंद पडले, मोटारीचा परवाना परत केला, आणि अंडी आणायची कशी हा प्रश्न उरला, अशा लोकांना इथे ‘खरेदीचे निर्वासित’ म्हणतात. तात्सुया सुमितोमो यांनी आपल्या आईची हीच अडचण पाहून २०१२ मध्ये हा फिरता बाजार सुरू केला. आज देशभर हजारावर ट्रक धावतात. ट्रक चालवणाऱ्याच्या मालकीचा असतो. माल मात्र जवळच्या सुपरमार्केटचा असतो, संध्याकाळी उरलेला परत जातो, त्यामुळे चालकाच्या डोक्यावर नासलेल्या भाजीचा बोजा नाही. हिशेब जमवणारी किल्ली अगदी लहान आहे: प्रत्येक वस्तूमागे ग्राहकाने थोडे येन जादा द्यायचे, सुरुवातीला हे दहा येन होते. दारात आलेल्या दुकानाचे भाडे ग्राहक, चालक आणि सुपरमार्केट यांच्यात असे वाटले जाते. जवळपास जुने दुकान अजून तग धरून असेल तर त्याच्या ३०० मीटरांच्या आत ट्रक थांबत नाही.

ट्रकच्या दोन्ही बाजू वर उघडल्या की आत सुमारे चारशे प्रकारचा माल दिसतो. आमच्या ट्रकचे चालक, म्हणजेच विक्रेते, पूर्वी कार्यालयात काम करत. आता आठवड्यातून दोनदा त्याच त्या घरांसमोर उभे राहतात. एका आजोबांनी तोफूचे दोन डबे उचलले, तेव्हा विक्रेत्यांनी एक परत ठेवला: ‘सोमवारचा अजून संपला नसेल.’ आजोबांनी मान्य केले आणि त्याऐवजी साशिमीची थाळी घेतली. कमी विकून गिऱ्हाईक टिकवण्याची ही रीत कोणत्या व्यवस्थापन-अभ्यासक्रमात शिकवतात मला माहीत नाही. त्या थाळीत माशाच्या कापांखाली एक हिरवे पान होते. ते प्लॅस्टिकचे निघाले, आणि कालच्या आजींचा विचार करून मला उगीचच वाईट वाटले.

दुपारच्या शेवटच्या थांब्यावर, चढावरच्या एका घरासमोर, ट्रकचे गाणे वाजले आणि दार उघडले नाही. विक्रेत्यांनी थोडे थांबून गाणे पुन्हा लावले. घंटी वाजवली. मग बोलणे थांबवून ते घराच्या बाजूने मागे गेले. त्यांच्या चालण्यातला फरक मला दिसला. खिशातला फोन त्यांनी हातात घेतला होता, कारण अशा वेळी कोणाला कळवायचे याची यादी प्रत्येक विक्रेत्याकडे असते.

आजी परसात रताळी खणत होत्या. डोक्याला रुमाल, हातमोजे चिखलाने माखलेले. त्यांनी ताठ उभे राहून, कुदळीवर हात ठेवून, विक्रेत्यांना चांगलेच सुनावले. दुभाषीबाई हसू आवरत मला सांगू लागल्या: ट्रक आज चार मिनिटे लवकर आला आहे, आणि ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ. विक्रेत्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. आजींचे बरोबर होते.